रमण राघवने सगळं कबूल केलं होतं, मग त्याला फाशी का झाली नाही?

प्रश्न असा आलाय: "मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रमण राघवने पोलिसांकडून चिकन मागवून खाल्लं आणि मग ४१ खून कबूल केले असं वाचलं. सेशन कोर्टाने फाशीही दिली. तरी तो फासावर गेला नाही, येरवड्यात राहिला आणि आजारपणात मेला. माझा रूममेट म्हणतो वकिलाने वेड्याचं सोंग करायला लावून त्याला वाचवलं. मी नाही म्हणालो पण मला पटवून देता आलं नाही. नक्की काय झालं होतं?"

वयाने माझ्या मुलाएवढा असशील म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी सव्वीस-सत्तावीस वर्षं सेशन कोर्टात डिफेन्स करतो, बहुतेक ३०२ च्याच, म्हणजे खुनाच्याच मॅटर्स. उत्तर लांबणार आहे कारण तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि ते एकत्र कालवले की रूममेटसारखा निष्कर्ष निघतो. कबुलीला कायद्यात किंमत किती, हा एक. गुन्हा करताना माणूस वेडा होता का, हा दुसरा. आणि दोषी ठरलेल्या माणसाला फासावर द्यायचं का, हा तिसरा. रमण राघवच्या केसमध्ये तिन्ही आले, आणि त्याची फाशी टळली ती तिसऱ्यामुळे.

आधी घडलं काय ते थोडक्यात, कारण लोकांना चिकन लक्षात राहतं आणि बाकी काही राहत नाही. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वे लाइनच्या कडेने फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले व्हायला लागले. १९ जणांवर हल्ले झाले, त्यातले ९ गेले. रमण राघव तेव्हाच संशयावरून हाताला लागला होता, दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षं आत राहिलेला माणूस, पोलिसांच्या रेकॉर्डवर होता, पण हल्ल्यातून वाचलेल्यांपैकी कुणीच मारणाऱ्याला पाहिलेलं नव्हतं. पुरावा नाही म्हणून सोडून दिला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तोच प्रकार पुन्हा सुरू झाला, तेव्हा क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी तपासावर आले, आणि २७ ऑगस्ट १९६८ ला अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या फौजदाराने वर्णनावरून रस्त्यात त्याला ओळखून धरला. झडतीत काय मिळालं बघ: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कपड्यांवर रक्ताचे डाग. बोटांचे ठसे जुळले आणि हा सिंधी दलवाई या नावाने रेकॉर्डवर असलेलाच माणूस आहे हे पक्कं झालं.

आता चिकन. बरेच दिवस तो काही बोलेना, मग त्याला हवं ते खायला घातल्यावर बोलायला लागला आणि हत्यार कोणतं, मारायचो कसं, सगळं सांगितलं. तुझ्या वर्गात कुणीतरी नक्की विचारेल की सर हे प्रलोभन झालं ना, साक्ष कायद्याचं कलम २४? मजेदार प्रश्न आहे आणि उत्तर नाही असं आहे. २४ ला लागणारं प्रलोभन आरोपासंबंधी असावं लागतं, म्हणजे "कबूल कर, सोडवतो" किंवा "कबूल कर, शिक्षा कमी करून देतो" या जातीचं. कोंबडी खाल्ल्याने त्याच्या केसमध्ये त्याचा काही फायदा होणार होता असं त्याला वाटायला जागा नव्हती. पण ही चर्चाच फुकट आहे, कारण पुढे कलम २५ बसलंय. पोलिसांसमोरची कबुली, चिकन खाऊन दे नाहीतर उपाशीपोटी दे, आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. आता नवीन साक्ष अधिनियमात कलम २३ मध्ये तेच आहे, नंबर बदललेत, गाभा तोच.

लोकांना हे ऐकून धक्का बसतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजून पटलेलं नाही. मी त्याला बिहारच्या आघनू नागेशियाची केस सांगतो. या माणसाने स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली की मी चार खून केलेत. चार. पोलिसांनी धरला नाही, मारला नाही, स्वतः चालत गेला. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली आणि १९६५ साली सुप्रीम कोर्टाने तो सोडला, कारण ती फिर्याद म्हणजेच पोलिसांसमोरची कबुली आणि ती बाजूला काढली तर उरलेला पुरावा पुरत नव्हता. मेव्हणा म्हणतो हा कसला कायदा. मी म्हणतो एकदा दोन दिवस कोठडीत बसून बघ, गावातली सगळी चोरी तूच केलीस असं सही करून देशील.

मग पोलीस कबुली घेतातच कशाला? तर त्याच कायद्याच्या कलम २७ साठी. आरोपीने सांगितल्यावरून काही सापडलं तर त्याच्या सांगण्यातला तेवढाच तुकडा, ज्याने ते सापडलं, तो चालतो. "मी कांबीने डोकं फोडलं आणि कांब अमुक झुडपात टाकली" या वाक्यातला पहिला अर्धा कोर्टाने कानावर घ्यायचा नाही, दुसरा घ्यायचा. १९४७ चा पुलुकुरी कोट्टयाचा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल हाच आहे, परीक्षेला येतो, पाठ कर. रमण राघवने पोलिसांना फिरवून जागा दाखवल्या, दडवलेली हत्यारं काढून दिली असं जे वाचतोस ना, केसच्या दृष्टीने वजन त्याला. चिकनला नाही.

प्रॅक्टिसमध्ये मात्र २७ म्हणजे काय तर मेमोरँडम पंचनामा, आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेतात तो, आणि मेमोरँडम पंचनामा म्हणजे काय तर पंच. आमच्याकडे एका ठाण्याचा ठरलेला पंच होता, गेटासमोर चहाची टपरी, त्याला मी तीन वेगवेगळ्या केसेसमध्ये उलटतपासाला घेतलाय. तिसऱ्या वेळी पिंजऱ्यात चढला आणि मला बघून हसला. त्याला विचारलं कोयता कुठून निघाला तर म्हणाला विहिरीतून, पंचनाम्यात होता उसाच्या फडातून. म्हणून सांगतो, कबुली खरी असेल की खोटी हे पंचनाम्यावर, पंचांवर, हत्यार आधीच पोलिसांना माहीत होतं का यावर ठरतं, आणि प्रत्येक केसला वेगळं ठरतं. एक नियम सांग म्हणशील तर माझ्याकडे नाही.

आणि आकड्याचं. ४१ हा आकडा सगळीकडे फिरतो, पण आकडा कबूल करणं आणि आकडा सिद्ध होणं यात प्रत्येक मयतामागे एक स्वतंत्र गुन्हा, स्वतंत्र शवविच्छेदन आणि स्वतंत्र पुरावा उभा असतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये हेन्री ली लुकास म्हणून एक होता, त्याने शेकड्याने खून कबूल केले. पोलीस त्याला राज्याराज्यांतून फिरवायचे, बर्गर आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेक पाजायचे आणि तो त्यांच्या जुन्या पडून राहिलेल्या फायली एकेक करून क्लोज करून द्यायचा. पुढे पत्रकारांनी आणि सरकारी वकिलांनी तारखा जुळवल्या तर ज्या खुनासाठी त्याला मृत्युदंड झाला त्या दिवसांत तो फ्लोरिडात छपराच्या कामावर होता असं कागद बोलत होते. १९९८ ला गव्हर्नर बुशने, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच, ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. लुकास खुनी नव्हता असं नाही, होताच. पण त्याच्या तोंडातून आलेला आकडा आणि खरा आकडा यांचा काही संबंध नव्हता. म्हणून कुणी "अमक्याने इतके कबूल केले" म्हणालं की मी पहिलं विचारतो, प्रेतं किती आणि दोषारोप किती.

मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली वेगळी, ती चालते. फौजदारी प्रक्रिया संहितेत जुनं १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेत १८३. तिथे मॅजिस्ट्रेटने आधी बजावायचं असतं की बाबा तू बोलायला बांधील नाहीस, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, विचार करायला वेळ द्यायचा, पोलीस आसपास ठेवायचे नाहीत, आणि नाही बोलायचं म्हणाला तर परत पोलीस कोठडीत पाठवायचं नाही. हे सगळं कागदावर असतं, खरं किती असतं ते बघावं लागतं. निठारी आठवतंय? नोएडाचं मुलांच्या खुनांचं प्रकरण. तिथल्या आरोपीची अशीच मॅजिस्ट्रेटसमोरची कबुली होती, अंगावर काटा येईल अशी, त्यावर फाशीच्या शिक्षा झाल्या. पण ती आली होती ६० दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बारा केसेसमध्ये तो सोडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेली एक शिक्षाही सुप्रीम कोर्टाने क्युरेटिव्ह पिटिशनमध्ये, म्हणजे सगळे रस्ते संपल्यावरच्या शेवटच्या अर्जात, रद्द केली. ज्यांची मुलं गेली त्यांच्या हाती काय राहिलं? तपास तेव्हा नीट केला असता तर आज हे दिवस आले नसते. सगळी भिस्त कबुलीवर ठेवली की असं होतं.

इतकं झालं कबुलीचं. आता वेडेपणा, कारण तुझ्या रूममेटचा मुद्दा तिथे आहे.

२ जून १९६९ ला मुंबईत अ‍ॅडिशनल सेशन जजसमोर केस उभी राहिली तेव्हा बचावाच्या वकिलाने अर्ज दिला. अर्जात दोन गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या आहेत हे नीट बघ. एक, हा आत्ता बचाव करायच्या मनःस्थितीत नाही. दोन, गुन्हा करतानाही त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिली गोष्ट खरी ठरली तर केस थांबते, माणूस उपचाराला जातो, बरा झाला की केस परत सुरू. दुसरी ठरली तर जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेत २२, म्हणजे गुन्हाच नाही.

कोर्टाने त्याला पोलीस सर्जनकडे पाठवला. २८ जून ते २३ जुलै निरीक्षणाखाली ठेवला आणि रिपोर्ट आला की वेड नाही, मतिमंद नाही, स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण, काय करतो ते कळतं, कोर्टात काय चाललंय ते कळतं. मग केस चालली आणि रमण राघवने गुन्हा कबूल केला, कोर्टातच. इथे एक प्रॅक्टिसची गोष्ट. खुनाच्या केसमध्ये आरोपी "गुन्हा मान्य" म्हणाला तरी शहाणा जज लगेच शिक्षा ठोकत नाही, पुरावा घेतो. माझ्यासमोर एक पोरगा असंच "मान्य आहे साहेब" म्हणाला होता, जजसाहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं, मला म्हणाले वकीलसाहेब, याला बाहेर नेऊन चहा पाजा, उद्या बघू.

रमण राघवच्या वेळी बचावाने नायर हॉस्पिटलचे मानसोपचारतज्ज्ञ आणले. ते आर्थर रोड जेलला जाऊन त्याला भेटले होते. त्यांचं मत, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, फार वर्षांपासूनचा. बचावाची मांडणी लक्षात घे, त्यांनी "खून केलेच नाहीत" असं म्हटलंच नाही. म्हणाले, खून केले, माणूस मारतोय हे त्याला कळत होतं, पण हे चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं. ८४ ची अख्खी लढाई या एका वाक्यात असते. आणि जवळपास कायम हरतो आपण. कारण डॉक्टरी वेड आणि कायद्याचं वेड ही दोन वेगळी मापं आहेत. आपलं माप १८४३ चं, मॅकनॉटन नावाच्या माणसाने इंग्लंडच्या पंतप्रधान पीलच्या सेक्रेटरीला गोळी घातली तेव्हा बेतलेलं. आजार आहे एवढं पुरत नाही, त्या क्षणी, घाव घालताना, कळत नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि सिद्ध करायचा भार आपल्यावर. तो सरकारी वकिलाएवढा जड नसतो, दिवाणी दाव्यासारखा, शक्यता आपल्या बाजूला जास्त झुकली की झालं, १९६४ च्या दह्याभाई ठक्करच्या निकालात आहे ते. पण खून करून पळून गेला, रक्त धुतलं, हत्यार लपवलं की कोर्ट म्हणतं याला चूक असल्याचं कळत होतं. रमण राघव तर रात्री यायचा, झोपलेल्याला मारायचा, हत्यार दडवायचा. सेशन जजने दोषी धरलं, फाशी दिली. त्या पुराव्यावर त्या काळात मी जज असतो तर? माहीत नाही, बहुतेक तेच केलं असतं.

माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली, एका शेतमजुराची केस, घरातलीच दोन माणसं मारली आणि बाजूला बसून राहिला, पळाला नाही. आपणच केलं म्हणून येईल त्याला सांगत होता. मी २५ आणि पंचनाम्यात इतका गुंतलो की चार महिन्यांनी त्याची आई प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर घेऊन आली तेव्हा मला कळलं की त्याला आठ वर्षांपूर्वीपासून गोळ्या चालू होत्या आणि घटनेच्या आधी त्या बंद पडल्या होत्या, बस भाडं नव्हतं म्हणून. जेलमध्ये भेटलो तेव्हा तो मला सांगायचा की वहिनीच्या आवाजात दुसरंच कुणीतरी बोलायचं, आणि मी ते लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं. अर्ज दिला, डॉक्टर आले, पण तोवर जेलच्या दवाखान्यात औषधं सुरू होऊन तो बराच सावरला होता. डॉक्टर पिंजऱ्यात म्हणाले, आत्ता ठीक आहे, तेव्हाचं मी सांगू शकत नाही. संपली केस. जन्मठेप. तेव्हापासून ज्या आरोपीला कबुली द्यायची घाई असते त्याच्या घरी मी पहिल्याच आठवड्यात माणूस पाठवतो, औषधाच्या चिठ्ठ्या शोधायला.

परत रमण राघवकडे. फाशी झाल्यावर त्याने अपील करायला नकार दिला. हे तुझ्या रूममेटला दोनदा वाचून दाखव. सोंग करून सुटायचं असतं तर अपील हा पहिला रस्ता होता, तो त्याने स्वतः बंद केला. पण सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही, आरोपी अपील करो न करो, फाईल आपोआप वर जाते. तेव्हाच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया कोडमध्ये होतं, १९७३ च्या कोडमध्ये ३६६ ला होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४०७. त्या कन्फर्मेशनमध्ये मुंबई हायकोर्टाने सर्जन जनरलना सांगून तीन मानसोपचारतज्ज्ञांचं बोर्ड नेमलं. त्यांनी पाच वेळा, प्रत्येक वेळी साधारण दोन तास, त्याच्याशी बोलून रिपोर्ट दिला.

त्या रिपोर्टमधला माणूस वाच. त्याच्या लेखी दोन जगं होती, एक "कानून" चं आणि एक हे, ज्यात आपण राहतो. तो कानूनचा प्रतिनिधी, शक्ती. लोक त्याला फितवून त्याची बाई करायला टपलेत पण त्यांना जमणार नाही कारण तो १०१ टक्के पुरुष आहे. सरकारनेच त्याला मुंबईत आणून चोऱ्या करायला लावल्या. आणि देशात सरकारं तीन, अकबर सरकार, ब्रिटिश सरकार आणि काँग्रेस सरकार, तिन्ही त्याच्या मागे लागलेली. सोंग करणारे मी पाहिलेत. ते जजसमोर कपडे फाडतात, माती खातात, आणि लॉकअपमध्ये गेले की शेजारच्याकडे तंबाखू मागतात. हे त्यातलं नव्हे. एकाच धाग्यातलं, वर्षानुवर्षं घट्ट विणलेलं, पाचही भेटींत तेच.

या रिपोर्टवर फाशी जन्मठेपेवर आली, आजार बरा होण्यातला नाही म्हणून. पण तो निर्दोष सुटला नाही. ८४ त्याला मिळालं नाही, दोष कायम राहिला, फक्त शिक्षा बदलली. पुण्याला येरवड्यात आणला, तिथे उपचार चालू ठेवले, आणि १९९५ मध्ये किडनीच्या आजाराने ससून रुग्णालयात वारला. धरल्यापासून मरेपर्यंत सव्वीस वर्षांवर काळ आतच. रूममेटला वाचवणं वाटत असेल तर वाटो. आणि ८४ मिळालं असतं तरी घरी गेला नसता, वेडेपणावर सुटलेल्यालाही कोर्ट सुरक्षित ठिकाणी ठेवायला लावतं, डॉक्टर हा आता धोकादायक नाही म्हणेपर्यंत. अशी माणसं मनोरुग्णालयात जन्मठेपेपेक्षा जास्त राहिलेली आहेत.

आज हे प्रकरण उभं राहिलं असतं तर बहुतेक तिथेच पोचलं असतं, थोड्या सोप्या रस्त्याने. २०१४ च्या शत्रुघ्न चौहानच्या निकालात सुप्रीम कोर्टाने मानसिक आजार हे फाशी कमी करायचं कारण धरलंय आणि २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये, निकालात आरोपीचं नाव सुद्धा न देता, शिक्षेनंतर आलेला गंभीर आजारही धरलाय. तरी किती गंभीर, कुणी तपासलं, जेलच्या फायलीत काय नोंदी आहेत यावर अवलंबून, आपोआप काही होत नाही.

पटवायचं असेल तर रूममेटला कलमं सांगत बसू नकोस, बोर्डाची शेवटची भेट सांग. डॉक्टर निघाले, निरोप घ्यायला त्याच्यापुढे हात केला. फाशीची शिक्षा झालेला माणूस, हे तीन लोक काय लिहितात त्यावर त्याचा जीव, आणि याने हात मिळवायला नकार दिला. म्हणाला मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या पापी जगातल्या माणसांना शिवत नाही.